पीएच.डी. करायची असेल तर कोल्हापुरात बी.एस्सी.चं कॉलेज कसं निवडावं

नीटचा निकाल लागतो, सीईटीच्या फेऱ्या संपतात आणि मग उरलेल्या आठवड्यात 'बी.एस्सी.ला कुठंतरी घालूया' असं ठरतं. कुठं घालायचं हेही तीनच गोष्टींवर ठरतं: कटऑफ किती लागला, शेजारच्या मुलानं कुठं घेतलं आणि स्टँडपासून काय जवळ पडतं. नोकरीसाठी नुसती पदवी हवी असेल तर यातून फारसं बिघडत नाही. संशोधनात जाणाऱ्याचं मात्र बिघडतं, आणि ते भाग ३ ला (म्हणजे तिसऱ्या वर्षाला), आयआयटीचा फॉर्म भरताना किंवा शिफारसपत्र मागायची वेळ आल्यावर कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. यातले पहिले दोन टप्पे बारावीच्या परीक्षेच्या आसपासच उरकायचे आहेत, आणि टप्पा ५ मधली प्रयोगशाळेची फेरी जमल्यास त्याही आधी.

## टप्पा १: शेवटाकडून मागं या

कागदावर सर्वांत वर लिहा: पीएच.डी. ढोबळमानानं कशात करायची? भौतिक, रसायन, जीव, गणित की भूविज्ञान, एवढं ठरलं तरी पुरे. त्याखाली त्या विषयाचे दरवाजे लिहा.

- सीएसआयआर-नेट (संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा) पाचच विषयांत होते: रसायनशास्त्र, भूविज्ञान, जीवशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र. २०२४ पासून नेटचा निकाल नुसत्या पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरतात.
- आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे भाग ३ चालू असतानाच.
- याशिवाय गेट, भौतिकशास्त्रासाठी जेस्ट, टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी.

आता कॉलेजच्या माहितीपत्रकातली आकर्षक नावं या यादीशी ताडून पाहा. नॅनोसायन्सचंच घ्या. शिवाजी विद्यापीठात त्याचा पाच वर्षांचा बी.एस्सी.-एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे आणि मटेरियल सायन्सकडं जाणाऱ्याला तो उपयोगी आहे. पण नेटमध्ये नॅनोसायन्स नावाचा पेपर नाही. त्या विद्यार्थ्याला शेवटी भौतिक किंवा रसायनचा पेपर द्यावा लागतो आणि त्याचा पाया स्वतः भरून काढावा लागतो. बायोटेक्नॉलॉजीवाल्याला नेटमध्ये जीवशास्त्राचा पेपर आहे, जॅममध्ये स्वतंत्र बायोटेक्नॉलॉजीचा आहे, त्यामुळे त्याची वाट सरळ आहे. पदवीचं नाव जितकं नवं, तितकी ही तपासणी काटेकोर करा.

तपासा: तुमच्या विषयाचा जॅमचा अभ्यासक्रम उतरवून घेतला का? टप्पा ४ मध्ये तो लागणार आहे.

## टप्पा २: निकालाच्या आधीच भरायचे फॉर्म

इथं सर्वांत जास्त मुलं चुकतात. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची पाच वर्षांची बीएस-एमएस ही संशोधनाकडं जाणारी थेट वाट आहे, आणि त्यातलं पुण्याचं आयसर आपल्यापासून चार-पाच तासांवर आहे. प्रवेश आयएटी या परीक्षेतून होतो: तीन तास, ६० प्रश्न, २४० गुण, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी चालतं. बारावीचा निकाल हातात येईतो या परीक्षेची मुदत बहुधा संपलेली असते. 'निकाल बघून फॉर्म भरू' म्हणणाऱ्याचं वर्ष इथंच जातं.

भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते. गणितात रस असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेश परीक्षा बघा. मार्च महिन्यात एकदा बसा, सगळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि तो भिंतीला लावा.

ह्या परीक्षा कठीण आहेत आणि बहुसंख्य मुलांचा नंबर लागत नाही. त्यात कमीपणा काही नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजातून बी.एस्सी. करूनही संशोधनात जाता येतं, पण त्यासाठी पुढचे टप्पे मनापासून करावे लागतात.

सावधान: आयएटीचा निकाल येईपर्यंत कोल्हापुरातला प्रवेश थांबवू नका. तो घेऊन ठेवा. प्रवेश रद्द केल्यास किती शुल्क परत मिळतं याचं यूजीसीचं त्या वर्षीचं परिपत्रक वाचा आणि फीची पावती जपून ठेवा.

## टप्पा ३: तीन विषयांचा गट

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या रचनेत साधारणपणे पहिल्या वर्षी तीन विषय असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य) होतो, एक मायनर (दुय्यम) होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे जून-जुलैत तुम्ही जो गट घेता, त्याबाहेरचा विषय मेजर होऊ शकत नाही. पूर्वी 'भाग ३ ला स्पेशल कुठला' असं विचारायचे. आता तो प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवरच विचारायला हवा.

तो असा विचारा: "सर, भाग १ ला फिजिक्स आहे ते ठीक, पण तिसऱ्या वर्षाला फिजिक्स मेजर चालू आहे का? मागच्या वर्षी त्याला किती मुलं होती?" काही ठिकाणी विषय पहिल्या दोन वर्षांपुरताच असतो. काही ठिकाणी मेजर कागदावर असतं, पण मुलं पुरेशी नाहीत म्हणून सगळ्यांना केमिस्ट्रीकडं वळवतात. आकडा विचारला की नेमकं उत्तर मिळतं.

गणिताबद्दल स्पष्टच सांगायला हवं. बारावीला गणित होतं आणि पुढं भौतिक किंवा रसायन करायचं आहे, तर पहिल्या वर्षाच्या गटात गणित घ्या. 'गणितानं टक्केवारी पडते' म्हणून केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी घेणारी मुलं पुढं दोन ठिकाणी अडतात. एक, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.साठी काही संस्था पदवीला गणित झालेलं असावं अशी अट घालतात. दोन, क्वांटम केमिस्ट्री आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये डिफरन्शियल इक्वेशन आलं की तिथंच गाडी थांबते. जीवशास्त्राकडं जाणाऱ्यानं निदान संख्याशास्त्राचा एखादा पेपर कुठं बसतो का ते पाहावं. प्रयोगाचे आकडे हाती आल्यावर त्याचीच गरज पडते.

## टप्पा ४: घरी बसून तपासायचे कागद

आता चार-पाच कॉलेजांची यादी करा. शहरात विद्यानगरचं राजाराम कॉलेज, ताराबाई पार्कातलं विवेकानंद, शिवाजी पेठेतलं न्यू कॉलेज, गोखले कॉलेज ही नावं आपोआप येतील. सांगलीचं विलिंग्डन, जयसिंगपूर कॉलेज, गडहिंग्लजचं शिवराज, गारगोटीचं कर्मवीर हिरे अशी घराजवळची नावंही घ्या. नावावरून क्रम लावू नका. एकाच कॉलेजात केमिस्ट्रीचा विभाग भक्कम आणि फिजिक्सचा मोडकळीस आलेला असू शकतो. तुलना विभागांची करा.

प्रत्येकाच्या वेबसाइटवर नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) केलेले वार्षिक अहवाल असतात, एक्यूएआर नावानं. नुसती नॅकची श्रेणी पाहून फाइल बंद करू नका. ती अख्ख्या संस्थेची असते, त्यात कार्यालयापासून क्रीडांगणापर्यंत सगळं मोजलेलं असतं. आत जाऊन हे पाहा:

1. निकष २ मध्ये मंजूर पदं किती आणि भरलेली किती. तुमच्या विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी, किती.
2. निकष ३ मध्ये संशोधन: कोणाला प्रकल्प मिळालेत, विभाग पीएच.डी.चं संशोधन केंद्र आहे का, मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण.
3. निकष ४ मध्ये ग्रंथालय आणि नियतकालिकं.

मग शोधगंगेवर जा. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं ठेवलेले असतात. विभागातल्या प्राध्यापकांचं नाव मार्गदर्शक म्हणून टाका. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या हाताखाली प्रबंध पूर्ण झालाय का ते दिसेल.

कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो, पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. संलग्न कॉलेजात विद्यापीठाचा अभ्यासक्रम. दोन्ही उतरवून घ्या, जॅमचा अभ्यासक्रम शेजारी ठेवा आणि जे मुद्दे पदवीत येतच नाहीत त्यांच्यावर लाल खूण करा. भौतिकशास्त्रात मॅथेमॅटिकल मेथड्स, थर्मोडायनॅमिक्स आणि मॉडर्न फिजिक्स नीट आहेत का, हे आधी बघा. स्वायत्तता चांगली की वाईट, या वादापेक्षा ही लाल खुणांची यादी जास्त सांगते.

सावधान: एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. फी वेगळी, बऱ्याचदा शिकवणारेही वेगळे. फॉर्मवर कुठल्या तुकडीवर खूण करताय ते विचारून घ्या.

## टप्पा ५: प्रयोगशाळा दुपारी पाहा

सकाळी गेलात तर स्वच्छ, रिकामी, कुलूप उघडून दाखवलेली प्रयोगशाळा दिसते. प्रॅक्टिकल चालू असेल त्या वेळी जा. निकालानंतरच्या सुट्टीत प्रॅक्टिकल नसतात, त्यामुळं ही फेरी बारावीला असतानाच, डिसेंबर-जानेवारीत मारलेली बरी. प्रयोगशाळा सहायकांशी आदरानं बोला. विभागाची खरी अवस्था त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नसते.

काय पाहायचं:

जर्नल. एखाद्या भाग २ च्या विद्यार्थ्याची प्रॅक्टिकलची वही मागून घ्या, मग त्याच बॅचमधल्या दुसऱ्याची. टायट्रेशनची ब्युरेट रीडिंग दोघांची दशांशापर्यंत सारखी असतील, तर प्रयोग कुणीतरी एकानं केला आणि बाकीच्यांनी उतरवला. दोन वेगळ्या मुलांची रीडिंग थोडी वेगळी असतात, कुठं खाडाखोड असते, कुठं 'पुन्हा केले' लिहिलेलं असतं. अशी वही दिसली की समजा तिथं काम होतं. संशोधनाची पहिली सवय इथंच लागते किंवा मोडते, म्हणून या एका गोष्टीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन द्या.

लॉगबुक. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरसारख्या महागड्या यंत्राशेजारी वापराची नोंदवही असते. शेवटची नोंद कधीची आणि कुणाची? फक्त प्राध्यापकांची नावं असतील तर पदवीच्या मुलांना हात लावू देत नाहीत. नोंद वर्षभरापूर्वीची असेल तर यंत्र बंद आहे. वहीच नसेल तर विचारा.

संख्या. बॅचमध्ये मुलं किती? वीसच्या आसपास असतील तर ठीक. एका स्पेक्ट्रोमीटरवर किती जण? सोडियम लॅम्प किती चालू आहेत? चार-पाच जण एका उपकरणाभोवती उभे असतील तर एक जण रीडिंग घेतो आणि उरलेले बघतात.

हवा. रसायनच्या प्रयोगशाळेत धूर बाहेर टाकणारा फ्यूम हूड चालू करून दाखवायला सांगा. ॲसिडच्या बाटल्यांवर लेबलं आहेत का, मुलांच्या डोळ्यांवर गॉगल आहे का, तेही बघा.

शहरातल्या कॉलेजांना एक फायदा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सैफ हे उपकरण केंद्र आहे, आणि बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही तिथंच. कॉलेजात मोठं यंत्र नसलं तरी तिथून नमुने तपासून आणतात का, भाग ३ च्या प्रकल्पासाठी मुलांना पाठवतात का, हे विभागात विचारा.

## टप्पा ६: शिक्षकांशी दहा मिनिटं

वेळ घेऊन जा, सोबत आई-वडील असले तरी प्रश्न विद्यार्थ्यानं विचारावेत. प्रश्न असे:

- "गेल्या तीन वर्षांत तुमच्या विभागातून जॅम किंवा नेट कोण पास झालं, आणि ती मुलं आता कुठं आहेत?" नावं आणि संस्था पटापट सांगितल्या तर विभागाचं आपल्या मुलांकडं लक्ष आहे.
- "उन्हाळी फेलोशिपला कुणी गेलं होतं का?"
- "पदवीच्या मुलाला तुमच्या संशोधनाच्या कामात घेता का, आणि कितव्या वर्षापासून?"

सीएचबीवरचे शिक्षक अनेकदा फार मन लावून शिकवतात. पण त्यांची नेमणूक वर्षापुरती असते आणि तीन वर्षांनी शिफारसपत्र द्यायला ते तिथं असतीलच असं नाही. तसंच शासकीय कॉलेजात बदल्या होतात, मोठ्या शिक्षणसंस्थांमध्येही एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदली होते. एका नावाजलेल्या सरांसाठी कॉलेज निवडू नका. कामाचे निदान दोन-तीन कायम शिक्षक असलेला विभाग निवडा.

## टप्पा ७: चौथ्या वर्षाचं विचारून ठेवा

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि संशोधन प्रकल्पासह केलं तर ऑनर्स विथ रिसर्च. यूजीसीच्या आराखड्यात या संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे भाग १ चं पहिलं सत्र 'जरा रुळू दे' म्हणून सोडून चालत नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत आहे. एम.एस्सी. करून जाणाऱ्याला ५५ टक्के लागतात आणि तिथंही ही सवलत आहे. पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं, हे विसरू नका. चांगल्या प्रयोगशाळांत एम.एस्सी. केलेली मुलं समोर असतात. त्यामुळं 'चार वर्षांत पीएच.डी.' एवढ्याच आशेवर कॉलेज ठरवू नका.

तपासा: तुमच्या विषयात हे वर्ष त्या कॉलेजला मंजूर आहे का? संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक लागतात. 'सुरू होणार आहे' आणि 'मान्यता आली आहे' यात फरक आहे. मान्यतेचं पत्र कधीचं ते विचारा. तिथं नसेल तर चौथ्या वर्षी कुठं जाता येईल याचंही उत्तर घ्या.

## टप्पा ८: अंतर, पैसे, कागद

प्रॅक्टिकल पाच वाजेपर्यंत चालतं. राधानगरी किंवा गारगोटीहून रोज ये-जा केली तर दिवसाचे तीनेक तास एसटीत जातात, आणि शेवटच्या गाडीसाठी मुलं प्रयोग अर्धा सोडून पळतात. चंदगडहून तर रोजचा प्रश्नच नाही. अशा वेळी वसतिगृह किंवा दसरा चौक परिसरातली बोर्डिंग यांचे अर्ज कॉलेजच्या अर्जाबरोबरच टाका. प्रवेश झाल्यावर गेलात तर जागा भरलेल्या असतात. राहायची सोय होत नसेल तर गावाजवळचं बऱ्या विभागाचं कॉलेज घ्यावं आणि वाचलेले तीन तास अभ्यासाला द्यावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

कागद: दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, शिवाय एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक). शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज वेगळा असतो. कॉलेजात फॉर्म भरला म्हणजे तो भरला गेला असं होत नाही. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या चार-पाच प्रती साक्षांकित करून ठेवा.

## टप्पा ९: पहिलं सत्र, आणि कॉलेज चुकलंच तर

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी मोजा: तास किती झाले, प्रॅक्टिकल किती झाली, ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळालं का. विषय बदलायची मुदत सुरुवातीच्या काही आठवड्यांचीच असते. गट चुकला असेल तर प्राचार्यांकडं अर्ज त्याच काळात द्या.

कॉलेज बदलणं शक्य नसेल तर उणीव बाहेरून भरून काढा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. गणितवाल्यांसाठी एमटीटीएस या प्रशिक्षण कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरं आणि माधव गणित स्पर्धा, भौतिकवाल्यांसाठी आयएपीटी या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची पदवी स्तरावरची एनजीपीई परीक्षा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते: दोन महिने एखाद्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञाबरोबर काम. तिचे अर्ज बहुधा नोव्हेंबरपर्यंतच घेतात. अर्जात काय करायचंय याचं छोटं टिपण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. टिपण गणेशोत्सव संपला की लिहायला घ्या, आणि सरांना पत्रासाठी दिवाळीच्या सुट्टीआधी भेटा. सुट्टी लागली की विभागाला कुलूप असतं आणि मुदत तोंडावर आलेली असते.